शिक्क्यावरचं कुंकू

खरं सांगतो, त्या गणिताच्या मास्तराचा मला हेवा वाटायचा. वाटायचा काय, जळफळाट व्हायचा! सत्तावीस वर्षं आम्ही एकाच शाळेत शिकवलं, तो गणित अन् मी इतिहास. निवृत्त झालो तेही एकाच वर्षी. अन् निवृत्त झाल्यावर हा पठ्ठ्या कशाचा वक्ता व्हावा? तर इतिहासाचा! गळ्यात उपरणं, कपाळावर हा एवढा टिळा, आणि इमादशाही, मोगल, निजाम सगळे एकाच पिशवीत कोंबून दे दणादण. कोण आधी, कोण नंतर, काही पत्ता नाही. दोन सुलतान जन्मभर एकमेकांच्या उरावर बसलेले असले, तरी याच्या भाषणात ते हातात हात घालून आपल्यावरच चालून यायचे.

लोक टाळ्या वाजवायचे. देऊळगाव राजापासून वरवट बकालपर्यंत त्याला बोलावणं असायचं, न्यायला गाडी यायची. मला कुत्रंही विचारत नव्हतं. आणि मी बोलून बोलून सांगणार काय? की बादशहाच्या फौजेत आपले मराठे सरदार होते, सुलतानांच्या दफ्तरात आपलेच लोक कारकुनी करत होते, आणि भांडण धर्मापेक्षा मुलखाचं जास्त होतं? असल्या बोलण्याला टाळी पडत नसते. बायको म्हणायची, "तुमी काऊन जळता हो त्याच्यावर? तुमालेबी येते की बोलता." येते गं बाई, पण ऐकते कोण!

नगरपालिकेची निवडणूक जवळ आली तेव्हा त्यानं नवीन टूम काढली. आमच्या गावातल्या एका पेठेला कुण्या जुन्या सुभेदाराचं नाव आहे, ते बदलायचं. त्यासाठी जाहीर सभा. एक दिवस त्याचा फोन आला.

"सर, तुमच्या घरची ती सनद घेऊन या ना सभेत. बादशहाशी लढले तुमचे पूर्वज. तुमचंबी भाषण ठेवतो मी."

ठेवतो म्हणे! इतिहासाच्या मास्तराचं भाषण गणिताचा मास्तर ठेवतो. तरी मी हो म्हणालो, कारण पहिल्यांदाच कोणी तरी विचारलं होतं.

ही सनद म्हणजे हातभर लांबीचा जुना कागद. लाल फडक्यात गुंडाळलेला. दसऱ्याला आमच्या घरी तलवारीशेजारी तो पाटावर मांडतात आणि वरच्या बाजूला हळदकुंकू वाहतात. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी वाहिल्यामुळं तिथं कुंकवाचा चांगला जाड थर बसला होता. आजोबा सांगायचे, आपला मूळपुरुष देवळाच्या पायरीवर उभा राहून बादशहाच्या फौजेशी लढला, म्हणून आपल्या राजानं ही सनद अन् जमीन दिली. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगितली. पण कागद फारसीत. घरात आजवर कोणालाच तो वाचता आला नव्हता.

मी ठरवलं, आता शब्द न् शब्द वाचून घ्यायचा आणि त्या मास्तराची बोलती बंद करायची. ज्या पेठेचं नाव बदलायचं होतं, त्याच पेठेत उर्दू शाळेतले एक निवृत्त शिक्षक राहत, सगळे त्यांना मास्टरसाब म्हणायचे. फारसी ते वडिलांकडून शिकलेले. त्यांचाही मला हेवा वाटायचाच. जन्मभर मी इतिहास शिकवला आणि माझ्याच घरच्या कागदापुढं मी अंगठेबहाद्दर!

मास्टरसाबांनी हात धुतले, टेबल पुसलं, भिंग काढलं. मग थांबले.

"गुरुजी, शिक्क्यावर कुंकू चढलं हाय. मी नाही हात लावत, तुमची पूजा हाय. तुमीच पुसा."

मी ओल्या कापसानं हळूहळू पुसलं. आजूबाजूला लाल डाग राहिले, पण शिक्का वर आला. मास्टरसाब बराच वेळ भिंग धरून बसले.

"शिक्का बादशहाचा हाय, गुरुजी."

"बादशहाचा कसा?"

"त्याच्या सुभेदारानं देलेली सनद हाय. तुमच्या पूर्वजाले जमीन देल्ली, देवळातल्या दिव्याच्या तेलासाठी. अन् त्यानं बादशाही टिकावी म्हणून रोज देवाले मागणं करावं, असं लिहेल हाय. लढाईचं कुठंच काही नाही."

मला लाज वाटायला पाहिजे होती. पण खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला! आता त्या गणितवाल्याचा भर सभेत कचरा करतो, हेच पहिलं डोक्यात आलं. मास्टरसाबांनी सगळा मजकूर सुंदर मराठी अक्षरात लिहून दिला आणि खाली सही केली.

"कोणी खोटं म्हणलं, तर माझ्याकडं पाठवा. सभेत खरंच वाचसान?"

"वाचतो म्हणजे! तुम्ही याच."

"येतो ना. ऐकाले येतो."

सभेच्या संध्याकाळी मैदान भरलं होतं. मास्टरसाब शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा कुडता घालून बसलेले. गणिताच्या मास्तरानं माझी ओळख करून दिली, माझ्या हातातली सनद उंच धरायला लावली आणि त्या लाल डागांवर बोट ठेवून ओरडला, "हा पाहा, रक्तानं माखलेला कागद!"

काय टाळ्या पडल्या! लोक उभे राहिले. कोणी माझ्या नावानं घोषणा दिली. सत्तावीस वर्षांत माझ्यासाठी कोणी एक टाळी वाजवली नव्हती. मास्टरसाबांनी लिहून दिलेला कागद खिशात होता. हात खिशापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. मी माईकजवळ गेलो आणि म्हणालो, "हाच तो कागद. आमच्या घराण्यानं प्राणापलीकडं जपला." नमस्कार केला आणि बसलो. शेवटच्या रांगेत मास्टरसाबही टाळ्या वाजवत होते. सगळं मैदान वाजवत असताना ते एकटे हात बांधून कसे बसणार?

आठ दिवसांनी ते दारात आले. या म्हणालो, तर आत आले नाहीत.

"गुरुजी, मी लिहून देलेला कागद वापस द्या."

"काऊन हो?"

"त्याच्यावर सही हाय माझी. तुमी सभेत बोलले ते साऱ्या गावानं ऐकलं. आता हा कोणाच्या हाती लागला, तर म्हणतीन, यानंच मुद्दाम उलटं लिहून देल्लं. घरात लेकी-सुना हायेत, गुरुजी."

मी आतून कागद आणून दिला. त्यांनी घडी नीट खिशात घातली. चहाचं विचारलं, तर "फिर कभी" म्हणाले आणि गेले. त्यानंतर ते रस्त्यात भेटले, तर मान हलवतात, थांबत नाहीत. पेठेची पाटी बदलली. मलाही आता भाषणाला बोलावतात, न्यायला गाडी येते. मी जातो.

यंदा दसऱ्याला बायको सनद पाटावर मांडता मांडता थांबली.

"अहो, शिक्का उघडा पडला हो. आता कुंकू कुठं लावू?"

"त्याच्यावरच लाव," मी म्हणालो. "जाड लाव."