डॉक्टर शोधणारे पाटकरसाहेब

पाटकरसाहेब कुणालाही नोकरीवर घेताना आधी त्या नोकरीतलं वाईट तेवढं सांगायचे. मलाही त्यांनी तसंच घेतलं. मी तेव्हा उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या एका प्रसूतिगृहात नर्स होते. बारवी धरणाच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे, तिथे सिस्टर हवी आहे असं कळलं म्हणून भेटायला गेले. चामटोली माझं माहेर, त्यामुळे तो मुलूख अगदीच परका नव्हता. दवाखान्याच्या ओट्यावर एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ उभे होते. शर्टाला कडक इस्त्री आणि चपला चिखलाने भरलेल्या. माझी सर्टिफिकेटं त्यांनी हातात घेतली, पण उघडली नाहीत.

"बसा रेखाताई. आधी वाईट ऐका," ते म्हणाले. "लाइट जाते. पावसात साप निघतात, परवाच औषधांच्या खोलीत निघाला होता. शेवटची बस चुकली की इथेच मुक्काम. पेशंट येतात ते फार उशिरा येतात. त्यातला कुणी दगावला की तुम्हाला रडू येईल, आणि रडायला वेळ नसेल. आता विचारा काय विचारायचं ते."

"चांगलं काहीच नाही का?" मी म्हटलं.

"आहे की. पण ते मी सांगितलं तर जाहिरात होईल. राहिलात तर दिसेल."

मी राहिले.

साहेब स्वतः डॉक्टर नव्हते. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म माणसं कामावर घेण्यात घालवला होता. पुढे कारखाना बंद पडला, तेव्हा त्याच माणसांना एकेक करून घरी पाठवायचं कामही त्यांच्याच वाट्याला आलं. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदा फक्त म्हणाले, "ज्यांना मी कामावर घेतलं, त्यांच्या मुलांच्या बारशाला मी जेवलो होतो हो. आणि त्यांनाच सांगायचं, उद्यापासून येऊ नका." निवृत्तीनंतर ट्रस्टने त्यांना दवाखान्यासाठी डॉक्टर शोधून आणायला सांगितलं. ते एका पायावर तयार झाले. कुणाला तरी कामावर आणायचं, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

बदलापूरला शिरगावात त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. पत्नी आधीच गेलेली. सकाळी स्वतःचा डबा स्वतः करून निघायचे ते कुठल्या तरी मेडिकल कॉलेजच्या कँटीनमध्ये जाऊन बसायचे. पोरांना चहा पाजायचे आणि आमच्या दवाखान्याचं वाईट सांगायचे. ट्रस्टचे अध्यक्ष वैतागायचे. "पाटकर, तुम्ही डॉक्टर आणताय की पळवताय?"

"फसवून आणलेला पगार होईपर्यंत राहतो," साहेब शांतपणे म्हणायचे. "ऐकून आलेला थोडा जास्त राहतो."

थोडे जास्तच राहायचे, कायमचं कुणीच नाही. डॉक्टर जय म्हणून एक सिंधी मुलगा आला होता. वडिलांचं उल्हासनगरला कापडाचं दुकान. मुलगा गोड, हाताला गुण. डोंगरातल्या आदिवासी वाडीवरच्या म्हाताऱ्यांशी हिंदी-मराठीची खिचडी करून बोलायचा आणि त्याही त्याच्याशी खुशाल त्यांच्या बोलीत बोलायच्या. एक दिवस वडील आले. दवाखाना बघितला, सगळ्यांना मिठाई दिली आणि साहेबांचे हात धरून म्हणाले, "साहब, लडका तो आपका भी है. लेकिन आगे की पढाई छोडके यहाँ कब तक बैठेगा?"

साहेबांनी त्यांना एका शब्दाने अडवलं नाही. जय गेला त्या दिवशी मात्र सगळ्यांना जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वांगं. मी चिडले होते. साहेब म्हणाले, "जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, ताई. उपाशी गेला तर त्याला हे गाव उपाशीच आठवेल."

त्यानंतर बराच काळ डॉक्टर मिळाला नाही. आठवड्यातून एकदा कुणीतरी शहरातून यायचं, बाकीचे दिवस मी आणि कांता. कांता वरच्या ठाकूरवाडीची, बारावी झालेली. झाडलोटीला लागली होती, पण नजर अशी तेज की तापलेलं मूल दारातून आत येईपर्यंत तिने पाण्याची पट्टी भिजवलेली असायची. आणि मग एका रविवारी साहेबांची मुलगी मुग्धा वडिलांबरोबर दवाखाना बघायला आली. ती नुकतीच बाळंतपणाची डॉक्टर झाली होती. सगळीकडे हिंडली, बाळंतपणाच्या टेबलाच्या गंजलेल्या पायावर हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, मी येते इथे."

साहेबांनी तिला ओट्यावर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं वाईट सांगितलं. लाइट, साप, बस, उशिरा येणारे पेशंट. ती हसत होती. "पाठ आहे मला. लहानपणापासून ऐकतेय."

"ऐकलंयस. राहिली नाहीस," साहेब म्हणाले. पण त्या दिवशी त्यांच्या पाठीतला बाक थोडा कमी वाटला मला.

मुग्धाचे दिवस हे त्या दवाखान्याचे सगळ्यांत चांगले दिवस. ती दवाखान्यामागच्या खोलीत राहायची. वाडीवरच्या बाया तिला नुसतं 'बाय' म्हणायच्या. पूर्वी ज्या घरात मरणाला टेकल्याशिवाय दवाखान्याचं नाव निघत नसे, त्या घरातल्या गरवार सुना तपासायला येऊन ओट्यावर बसू लागल्या. दुपारी गर्दी ओसरली की मुग्धा मला आणि कांताला शिकवायची. ब्लडप्रेशर घेणं कांता आधीच शिकली होती. पोटातल्या बाळाचे ठोके पहिल्यांदा ऐकले तेव्हा ती दचकून म्हणाली, "बाय, यो तं घोडा पलतंय!" साहेब दारात उभे होते. ते इतके हसले की डोळे पुसावे लागले.

पण डॉक्टर एकच होती. रजा नाही, तिच्या जागी उभं राहायला कुणी नाही. सणाला घरी गेली तरी संध्याकाळी दवाखान्याची गाडी तिला न्यायला यायची. साहेब दुसरा डॉक्टर शोधत होते. अध्यक्ष म्हणत होते, एक आहे ना, मग घाई कशाला?

श्रावणातली दुपार होती. वाडीवरची एक तरुण बाई घरीच बाळंत झाली आणि रक्त थांबेना म्हणून तिला डोलीत घालून आणली. मूल धडधाकट होतं. बाईची गर्भपिशवी आवळत नव्हती. मुग्धाने जे करता येतं ते सगळं केलं, इंजेक्शनं दिली, हात घालून दाबून धरलं, पण रक्त चढवायची सोय आमच्याकडे नव्हती. उल्हासनगरला न्यायचं ठरलं. गाडीत मुग्धा तिच्यापाशी गुडघ्यावर बसली होती, मी सलाइन धरून. बाई शुद्धीवर होती. "बाय, माजा पोर कुठं हाय?" एवढंच विचारत होती. बदलापूर यायच्या आधीच ती गेली. मुग्धाने दाबून धरलेला हात काढला नाही. मला तो सोडवावा लागला.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा दवाखान्यात आला. आम्हाला वाटलं, भांडेल. त्याने मुग्धापुढे हात जोडले आणि म्हणाला, "बाय, तुमी लय केलात." भांडला असता तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

मुग्धा कामावर येतच राहिली. पण जेवण अर्धं टाकायची. हात धुवायला गेली की पुन्हा पुन्हा धुवायची. अंगणात गाडी वाजली की हातातलं तिथेच ठेवून भिंतीला टेकायची. आम्ही म्हणायचो, चार दिवस घरी जा. ती म्हणायची, मी गेले तर इथे कोण? एका दुपारी तिने एका तान्ह्या मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तशीच बसून राहिली. मुलाची आई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. "ठोके आहेत ना रेखाताई?" मुग्धाने विचारलं. "मला ऐकू येत नाहीयेत." मूल तिच्याकडे बघून हसत होतं.

मी साहेबांना फोन केला. ते तासाभरात आले. तिच्या समोरच्या स्टुलावर बसले.

"मुग्धा, बॅग भर."

"बाबा, बाकीच्यांना तुम्ही म्हणता, जमेल तितकं राहा. आणि मला जा म्हणता?"

"बाकीच्यांच्या बापांना मी ओळखत नव्हतो," साहेब म्हणाले. "तुझ्या बापाला ओळखतो. एका माणसावर एवढं ओझं टाकू नये, हे त्याला कळायला हवं होतं."

ती खूप रडली. मग कांताने तिचे कपडे घड्या करून बॅगेत भरले.

साहेबांनी ही गोष्ट लपूनछपून केली नाही. रविवारी वाडीवर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं की बाय आजारी आहे, मी तिला घेऊन गेलोय, ती परत येईल असं मी म्हणणार नाही. सोनीबाय म्हणून एक म्हातारी होती, सगळी वाडी तिला मानायची. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "तुजी पोर तू नेलीस. आमी आमच्या पोरी कुठं नेवाच्या?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. येताना उताराच्या वाटेवर साहेबांनी माझ्या खांद्याला धरलं. याआधी त्यांनी कधी कुणाचा आधार घेतलेला मी पाहिला नव्हता.

त्यानंतर त्यांनी ट्रस्टला एकच गोष्ट लावून धरली, की घ्यायचे तर दोन डॉक्टर घ्या, नाहीतर मी एकही आणणार नाही. अध्यक्षांनी परवडत नाही म्हणून सांगितलं. साहेबांनी वाद घातला नाही, कॉलेजच्या कँटीनला जाणं थांबवलं. मग ते वाडी-वाडीवर फिरायला लागले, नर्सिंगला पाठवायला मुली शोधत. कांताच्या बापाकडे कितीदा गेले असतील देव जाणे. बाप म्हणायचा, शिकून पोर शहरातच राहील. साहेब म्हणायचे, "राहीलही. मी शब्द देत नाही. पण नाही शिकली तर इथेही काही करू शकणार नाही." शेवटी बाप तयार झाला. कांताला उल्हासनगरला होस्टेलवर सोडायला साहेब स्वतः गेले. तोपर्यंत त्यांच्या पायांवर सूज दिसायला लागली होती. मी डॉक्टरला दाखवा म्हटलं की हसायचे. "डॉक्टर कुठेत, रेखाताई?"

दाखवलं तेव्हा मूत्रपिंडं बरीच निकामी झाली होती. मुग्धा शेवटपर्यंत जवळ होती. अंबरनाथच्या हॉस्पिटलमध्ये मी भेटायला गेले तर बेडवर उठून बसायची धडपड करायला लागले. "वाडीवर गेला होतात? त्या गेलेल्या बाईचं मूल कसं आहे?" मी म्हटलं, चालायला लागलंय. त्यांनी डोळे मिटले. "आजीकडे आहे ना? बरं." चार दिवसांनी ते गेले. वाडीवरची माणसं टेम्पो करून बदलापूरला आली, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बाया स्मशानाच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला बसून राहिल्या. मुग्धा बाहेर आली आणि त्यांच्यात जाऊन बसली.

महिन्याभराने ती दवाखान्यात आली. ती आता उल्हासनगरला एका मॅटर्निटी होममध्ये जाते, फक्त दिवसा, आणि तिथे आणखी तीन डॉक्टर आहेत. बाळंतपणाच्या खोलीच्या दारापर्यंत आली आणि थांबली. "आत पाऊल उचलत नाही, ताई," म्हणाली. मी ओट्यावर चटई टाकली. बघता बघता चार-सहा बाया जमल्या. मुग्धाने त्यांना तिथेच उजेडात तपासलं. एका बाईने विचारलं, "बाय, उद्यापासून येशील ना?" मुग्धाने माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरची जागा आजही रिकामी आहे. कांताचं शिक्षण संपायला अजून वेळ आहे आणि ती परत येईल की नाही हे मला माहीत नाही. त्या दिवशी मी नुसतं 'राहा' म्हटलं असतं तर कदाचित मुग्धा थांबली असती. मी त्या बाईला म्हटलं, "नाही ग. ती आज भेटायला आलीय." आणि उन्हं कलायच्या आत तिला बसमध्ये बसवून दिलं.