मुक्या माराचं तोंड

"मुक्या माराला तोंड लागतं," असं हरेश उठता-बसता म्हणायचा. आणि ते तोंड म्हणजे आपलंच, हे सांगायला विसरायचा नाही.

रक्त न काढता अंगात मुरतो त्याला आमच्याकडे मुका मार म्हणतात. जखम नाही, टाका नाही, प्लास्टर नाही. माणूस बाहेरून कोरा, आतून पिचलेला. अशा माणसांवर हरेश जगला. दहिवलीच्या कडेला त्याच्या बापाचं भाताचं रान होतं. बाप त्यात वाकून वाकून गेला. हरेशने ते विकलं, तिथे कुणाच्या तरी फार्महाऊसची भिंत उभी राहिली आणि हा गृहस्थ टपरीवर खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसू लागला.

रस्ता अरुंद. त्यावर माथेरानकडे धावणाऱ्या सुट्टीच्या गाड्या, आमच्या रिक्षा आणि आमच्या म्हशी. कुठेतरी काच फुटायचीच. फुटली की हरेश हजर, काखेत कोरे वकालतनामे. जखमीला गाठून भरपाईच्या दाव्यासाठी वकिलाकडे न्यायचं आणि त्यातला वाटा खिशात घालायचा, हा त्याचा धंदा. आम्ही त्याला गिधाड म्हणत नव्हतो. गिधाड जीव जाईपर्यंत तरी थांबतं.

खाटकाला असतं तसं त्याला शरीर पाठ होतं. बरगडी, खुबा, मनगट, गुडघा. हाड मोडलेला माणूस दिसला की त्याचा चेहरा लग्नघरासारखा उजळायचा.

पोशीरची मोतीबाई त्याला अशीच सापडली. वाडीतून रस्त्यापर्यंत आणि मग नेरळात दारोदार, तिची भाजीची पाटी डोक्यावर असायची. पाटीला हात न लावता ती अशी चालायची की वरची मेथीसुद्धा हलू नये. एका रविवारी तिच्या रिक्षाला मागून मोटारीने ठोकलं. बाकीच्यांना टाके पडले. ही उठली, सांडलेली वांगी गोळा केली आणि पाटी घेऊन धंद्याला गेली. मोटारीतल्या शहाण्याने काचसुद्धा खाली केली नाही.

संध्याकाळी दवाखान्याच्या कागदावर लिहिलं गेलं, मुका मार. दोन दिवसांत मान लाकडासारखी झाली. पुढे महिने गेले, पण रिकामी पाटी डोक्यावर घेतली तरी तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. तिला मोठं काही नको होतं. भरपाईतून एक हातगाडी घ्यावी आणि धंदा सुरू ठेवावा, एवढंच.

"मावशे, मान सांगू नको," हरेश म्हणाला. "पाय सांग."

"पाय धड हाय रं माझा."

"तो मला म्हाईत हाय. पण कोर्टातल्या साहेबाला पाय कळतो, मान कळत नाय. डावा पाय ओढत चालायचं. ही काठी घे."

"आन् मानेचं?"

"मान काय, पायासोबत जाईल. मुक्या माराला तोंड लागतं, मावशे."

कुठल्याशा डॉक्टरकडून त्याने पायाचा दाखलाही आणला, आणि दाव्याला एक पोरसवदा वकील जोडून दिला. मोतीबाईची सून जनी घरात तिची लंगडायची तालीम घ्यायची आणि दोघी हसायच्या. हसता हसता म्हातारी मान धरून खाली बसायची. ते बघायला हरेश नसायचा.

कोर्टात विमा कंपनीचा वकील पुढे आला. गोड माणूस, तुपात घोळलेला.

"मावशी, दुसऱ्या मजल्यावर कशा आलात?"

"जिन्यानं. लिफ्ट बंद हाय ना."

"मध्ये कुठे बसलात?"

"कशाला बसू? हा वकील पोरगा धापा टाकीत होता, त्याची पिशवी मीच घेतली."

कोर्ट हसलं. आता काय बोलावं, म्हणून मोतीबाईने मागे उभ्या असलेल्या हरेशकडे पाहिलं. नुसती मान वळेना, म्हणून पायांसकट अख्खी वळली, खांब वळावा तशी. सगळा खटला तिथे उघडा उभा होता. गोड वकिलाच्या हातात पायाचा दाखला होता, तो पायच बघत राहिला. आणि ज्याला शरीर पाठ होतं तो हरेश मोबाइल बघत होता.

तिने काठी खाली ठेवली. "साहेब, पाय धड हाय. ते खोटं. मान तेवढी खरी."

पण एकदा खोटं निघाल्यावर खऱ्याला कोण विचारतो? निकालात औषधपाण्याचा खर्च मिळाला. मानेचं काही नाही. हातगाडी तिथेच गेली.

निकालाच्या दिवशी फाटकापाशी हरेशने तिलाच झापलं.

"घालवलंस ना सगळं? पढवलं होतं तेवढं बोलली असतीस तर!"

"मला तोंड होतं रं," मोतीबाई म्हणाली. "मान दुखते, पाटी उचलवत नाय, एवढंच सांगायचं होतं. तू तुझं तोंड लावलंस."

"तुमची लायकीच नाय," तो म्हणाला, आणि तिच्या पाठीमागून मोटारसायकलींच्या रांगेकडे निघाला.

मोतीबाई रस्त्याकडे तोंड करून तशीच उभी राहिली. सोबत आलेली जनी मागे बघत होती.

"गेला का गं?"

"चाललाय, आत्या."

"कसा चालतोय?"

जनीने नीट निरखून पाहिलं.

"धड चालतोय," ती म्हणाली.