मुलीकडचे सर

उल्हासनगरला सिंधी निर्वासितांच्या कॅम्पात बराकीतल्या दोन खोल्यांना आम्ही कॉलेज म्हणत होतो. खरं तर तो शिकवणीचा वर्ग. बाहेरून बी.ए.ला बसणाऱ्यांना सकाळी सकाळी इतिहास पाजायचा आणि मग त्यांनी आपापल्या दुकानाकडे, कारखान्याकडे नाहीतर चुलीकडे पळायचं, असा सगळा कारभार. मी बदलापूरला राहत होतो आणि अंबरनाथच्या शाळेत मास्तर होतो. शाळा भरायच्या आधी इथे येऊन तेवढ्यापुरता प्रोफेसर होत होतो.

विद्यार्थी उत्साहानं यायचे आणि त्याहून उत्साहानं गळायचे. कुणाचं दुकान चालायला लागायचं, कुणाला पाळी बदलून मिळायची, कुणाला नुसताच कंटाळा यायचा. गळलेल्यांना घरी जाऊन परत आणायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. माझा स्वभाव तापट. "बघतो सर" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरायचं. पण सिंधी घरात रागावणं महाकठीण. तिथे पाहुण्याच्या हातात आधी पापड आणि पाणी येतं, बोलणं मागाहून. पापड चावत चावत कुणाला झापता येत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी शेवटच्या वर्षाला होती. मी सांगितलेलं उत्तर ती निमूटपणे उतरवून घ्यायची आणि घरून स्वतःचं वेगळंच लिहून आणायची. माझा तिच्यावर फार जीव होता. परीक्षा तोंडावर आली आणि ती यायचीच बंद झाली.

रविवारी मी इस्त्रीचा कोट चढवला. बायको दारात उभी होती. म्हणाली, "एवढे नटून मुलगी मागायला निघालात की काय?"

"मुलगी परत आणायला," मी गुरकावलो.

"बघा हं. भलतंच काहीतरी करून याल."

मुलीच्या घरी पोचलो तर खोली माणसांनी भरलेली. मला बघताच तिच्या वडिलांचा चेहरा उजळला. "आओ साईं, बिलकुल वक़्त पे आए!" मला चांगल्या गादीवर बसवलं. मनात म्हटलं, माझी कीर्ती आधीच इथवर पोचलेली दिसते. मुलगी कोपऱ्यात डोक्यावरून ओढणी घेऊन बसली होती. एक ठसठशीत बाई पुढे आल्या आणि त्यांनी खडीसाखरेचा खडा थेट माझ्या तोंडात घातला. आज पापडाऐवजी साखर, एवढीच मी नोंद घेतली.

मग घसा साफ करून मी माझ्या मराठी वळणाच्या हिंदीत भाषण ठोकलं. "काम एक बार हाथ में लिया तो बीच में छोड़ने का नहीं। तकलीफ़ होगी, झगड़ा होगा, तो भी आख़िर तक निभाने का। अधूरा छोड़ा तो जनमभर मन को खाता है।"

सगळ्यांच्या माना डोलत होत्या. त्या बाईंनी तर डोळ्याला पदर लावला. इतका परिणाम माझ्या बोलण्याचा याआधी कधी झाला नव्हता. कोपऱ्यातली ओढणी मात्र गदगदा हलत होती. मला वाटलं, पोरगी रडते आहे.

"कितना अच्छा बोले, साईं," त्या बाई म्हणाल्या. "शादी के पहले सबको ऐसा समझाना चाहिए।"

"किसकी शादी?"

ओढणीतून हसू फुटलं. वडिलांनी मला समजावून सांगितलं. आज तिची कच्ची मिसरी होती, म्हणजे सोयरीक तोंडी पक्की करायचा समारंभ. या बाई होणाऱ्या सासूबाई. दाराशी बसलेला तो गंभीर तरुण, कापडदुकानवाला, हा नवरा मुलगा. मिसरी, म्हणजे ही खडीसाखर, ज्याच्या तोंडात पडली तो घरचा माणूस झाला, साक्षीदार झाला. आणि लग्न परीक्षेच्या आधीच उरकायचं ठरलं होतं.

खडा अजून विरघळला नव्हता. तो गालात सारून मी तापलोच. "घरचा माणूस ना? मग मी मुलीकडचा. मुलीकडच्यांचं म्हणणं, लगीन परीक्षा के बाद!"

मुलीचे वडील छताकडे बघू लागले. सासूबाई शांत होत्या. म्हणाल्या, "बहू बी.ए. और मेरा बेटा अधूरा? बिरादरी हँसेगी, साईं।"

"तो उसको भी पूरा करने दो!"

"उसकी पढ़ाई वहाँ है," त्या म्हणाल्या. कुठे ते सांगायची गरज नव्हती. "कराची में, मेज़ पे। किताब खुली थी। मैंने ही बोला, बंद मत कर, आके यहीं से पढ़ना।"

फाळणीत मागे टाकलेल्या त्या घरी परत कुणी जाणार नाही, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं, त्यांनाही होतं. माझा राग पार विरून गेला आणि मला त्या बाईंची फार माया वाटली.

तेवढ्यात नवरा मुलगा पहिल्यांदा बोलला. मान खाली घालून त्यानं विचारलं, "सर, इतने साल बाद लेते हैं क्या?"

"हमारे क्लास में टकलू भी हैं," मी म्हणालो. सगळे हसले. त्यानं नकळत आपल्या केसांवरून हात फिरवला.

सासूबाई हसल्या नाहीत. बराच वेळ त्या मुलाकडे बघत राहिल्या. मग कोपऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तू इम्तिहान दे, बेटी। शादी बाद में। फिर इसको तू बिठाना।"

मुलगी परीक्षेला बसली आणि चांगली पास झाली. लग्नात मी मुलीकडच्यांत बसलो, बायकोनं तिथेही कोटावरून टोमणा मारलाच. पुढच्या वर्षापासून जावईबापू मागच्या बाकावर येऊ लागले. त्यांच्या घरी मला कधी जावं लागलं नाही. दांडी मारायचा विचार जरी मनात आला तरी त्यांची बायको अर्धवट विंचरलेल्या केसांनी त्यांना बराकीपर्यंत आणून सोडायची. तरी पहिल्या खेपेला ते नापास झाले, तेही इतिहासात. माझ्या घरी हा विनोद बरेच दिवस पुरला.

दुसऱ्या खेपेला पास झाले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई स्वतः वर्गात आल्या, शिकवणं थांबवायला लावलं आणि माझ्या तोंडात मिसरीचा खडा घातला.

"अब किसकी सगाई, माँजी?" मी घाबरून विचारलं.

"किसी की नहीं, साईं," त्या म्हणाल्या. "मेज़ वाली किताब आज बंद की मैंने।"

खडा गालात सारून मी वर्गाला पुस्तकं उघडायला सांगितली.