नंबरावर कोरलेलं नाव

अकोल्याच्या जठारपेठेत भांड्यांच्या एका दुकानाच्या पायरीवर आशाबाई बावीस वर्षांपासून बसते. हातात नाव कोरायची मशीन, मांडीवर जाड फडकं, बाजूला शंभर पानी वही. भांडं घेतलं की त्यावर नाव पाहिजेच, ही आपल्याकडची हौस. वाटी असते एवढीशी, पण तिच्यावर नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव आणि तारीख, सगळं बसलं पाहिजे. आशाबाई गिऱ्हाइकाला आधी त्याच्याच हातानं वहीत मजकूर लिहायला लावते आणि खाली मोबाइल नंबर घेते. उद्या वेलांटी चुकली म्हणून कोणी भांडायला आलं, तर वही उघडून त्याच्या नाकासमोर धरायची.

एप्रिलात, लग्नसराई ऐन भरात असताना, दुकानाचे मालक देवानंदभाऊ यांना एकाएकी उदारपणाचा झटका आला. एका कंपनीच्या कुकरवर नाव फुकट!

"दांड्याखाली ते बारीक आकडे हायेत नं, त्याच्यावरच कोरा," ते आशाबाईला म्हणाले. "सपाट जागा हाये, नाव खुलून दिसते."

ज्या माणसाच्या हातून अर्धा कप चहा सुटत नाही, तो फुकट कावून वाटून राहिला, असं तिच्या मनात आलं. आलं आणि गेलं. तिथंच तिचं चुकलं. महिनाभरात तिनं बत्तीस कुकर कोरले. त्यातला एक तिनं स्वतःच घेतला, बहिणीच्या पोरीच्या, पौर्णिमाच्या लग्नात द्यायला. त्यावर तिनं निगुतीनं कोरलं, 'आशामावशीकडून सप्रेम भेट'.

जूनमध्ये परतवाड्याहून फोन आला की पौर्णिमा भाजली. आशाबाईनं मिळेल ती एसटी धरली. पोरीचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पट्टीत होता आणि गळ्याखालची कातडी सोलून निघाली होती. तुरीची डाळ लावली होती, दुसऱ्या शिट्टीला झाकणच उडालं. दोन महिन्यांची नवरी, आणि पदर घ्यायचा तर सासूला हाक मारायची पाळी.

जावई नितेश मुळातच मवाळ माणूस. त्यानं मोबाइल पुढं धरला. कंपनीनं मार्चमध्येच जाहीर केलं होतं: झाकणाची पकड सदोष आहे, अमुक ते अमुक नंबरांचे कुकर वापरू नका, घेतले तिथं परत करा.

"मंग कंपनीले कळवलं नाई काय?" आशाबाईनं विचारलं.

"कळवलं, मावशी. ते म्हणतात, नंबरचा फोटो पाठवा. नंबर दिसला तरच बोलू. खोकं तर मांडवातच फेकलं आमी." त्यानं कुकर आडवा करून दाखवला. आकड्यांच्या जागी मावशीची सप्रेम भेट होती.

"तुहा काय दोष, मावशी?" पौर्णिमा म्हणाली. "तुले थोडंच मालूम होतं."

ती ओरडली असती तर परवडलं असतं. मार्चमध्ये कंपनीचं जाहीर झालं आणि एप्रिलात देवानंदभाऊंनी नावं फुकट केली, एवढा हिशेब आशाबाईला परतीच्या बसमध्ये बसायच्या आतच कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात शिरली तेव्हा भाऊ देवाच्या फोटोला अगरबत्ती ओवाळत होते. मागच्या फळीवर त्याच कंपनीचे सात कुकर अजून मांडलेले.

"कंपनीचा कागद आला होता तुमाले?"

"आला असंन," भाऊ म्हणाले. ओवाळणं थांबलं नाही. "सीझनच्या तोंडावर असे कागद कोणी दुकानात लावते काय? अन् कोरलं तर तुमी, आशाबाई. माहा हात लागला काय त्याले?" मग आवाजात साखर घोळली. "भाचीसाठी स्टीलच्या डब्यांचा सेट घेऊन जा. भारीतला."

शिसारी आली तिला. एका पोरीची कातडी सोलली, आणि हा माणूस देवासमोर उभा राहून डबे देतो! त्याची शिसारी, पोरीच्या आधी नंबर पाहणाऱ्या त्या कंपनीची शिसारी, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हाताची. ज्या हातानं बावीस वर्षांत एक काना चुकवला नाही म्हणून ती गावभर सांगत फिरायची, त्याच हातानं बत्तीस घरांचा इशारा पुसला होता.

ती पायरीवर येऊन बसली, वही उघडली आणि फोन काढला.

"हे काय करून राहिले तुमी?" भाऊ धावत बाहेर आले. "लोक तुमालेच धरतीन. अन् ही पायरी गेली समजा."

"धरू द्या," ती म्हणाली.

पहिल्यानं तिला फसवणारी समजून फोन कापला. दुसरा हसला, आमचा तर मस्त चालते म्हणाला. तिघांनी उचललाच नाही. सहावा नंबर अचलपूरच्या गंगूबाईंचा होता. त्यांच्या मागं काहीतरी फुसफुसत होतं.

"लवकर बोला बाई, डाळ लावली हाये. एक शिट्टी झाली."

"शेगडीजवळ जाऊ नोका," आशाबाई म्हणाली. "बाजूनं जाऊन सिलिंडरचंच बटन बंद करा. लेकरं असतीन तर बाहेर काढा. झाकणाले हात लावू नोका. जा पयले."

फोन कुठंतरी आपटला. पावलं वाजली, कोणाला तरी दटावल्याचं ऐकू आलं. पायरीवर दोन गिऱ्हाइकं थांबली होती. फुसफुस हळूहळू बसत गेली.

"केला बंद," गंगूबाई धापा टाकत म्हणाल्या. "पण तुमी कोण? आमच्या कुकरचं तुमाले कसं मालूम?"

आशाबाईनं भाऊंकडं पाहिलं आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी आशाबाई. त्याचा नंबर म्याच खोडला."