बेबीताईंनी बुडवलेल्या तीन सुया

मेडशीच्या अंगणवाडीत बेबीताईंचा दरारा असा, की बाळाची लस चुकवलेली बाई त्यांना पाहून गल्ली बदलायची. मी त्यांची मदतनीस. या बाईंनी स्वतः मात्र तीन सुया बुडवल्या. शुगरमुळे त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर नको त्या नसा वाढत होत्या. त्या थांबवायला अकोल्याचे डॉक्टर दर महिन्याला थेट डोळ्यात सुई देत. "मले कायले पायजे ते?" बाई गावभर सांगायच्या. "माही पोरगी धम्मदीपा पुण्याच्या लॅबमंदी बशीत डोळा वाढवून राह्यली. तिचंच औषध घेईन मी." मीही मूर्खासारखी मान डोलवायची.

धम्मदीपा सुटीत घरी आली, तेव्हा बाई दारात चाचपडत उभ्या होत्या.

"डाव्या डोळ्यापुढं सकाळपासून काळं जाळं आलं व."

"सुया घेतल्या ना, आई?"

"तुह्या औषधाची वाट पाहून राह्यली मी."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. बॅगही न उघडता ती आम्हाला घेऊन अकोल्याच्या एसटीत बसली. वाटेत रडकुंडीला येऊन तिनं समजावलं. बशीत डोळा नसतोच, पेशींपासून वाढवलेला पडद्याचा इवलासा तुकडा असतो. त्यात मुद्दाम वाईट नसा वाढवायच्या आणि त्यांच्यावर औषधं तपासायची. माणसापर्यंत पोचायला दहा वर्षंही लागतील. मोबाइलवर तिनं दोन फोटो दाखवले. एकात नसांचं तण माजलेलं, दुसऱ्यात वाढ थांबलेली.

बाईंनी फोन उजव्या डोळ्याजवळ धरला. "हे थांबलं ते तुह्या औषधानं?"

"नाई, आई. तुह्या सुईतल्याच औषधानं. आमचं किती चालते ते पाहाले आमी बाजूले तेच टाकतो."

पातूर गाव मागं पडलं, तरी बाई तोच फोटो डोळ्याजवळ धरून पाहत होत्या.

डॉक्टरांनी तपासलं. डाव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं, पडदाही सुटला होता. ऑपरेशन करू, पण नजरेची आशा धरू नका, म्हणाले. उजव्याला आजच सुई. मला बाईंचा असा संताप आला, की डोळ्यांत पाणीच आलं.

सुई घेऊन बाई बाहेर बाकावर बसल्या.

"मी गावभर काय सांगत फिरते, तुले ठाऊक व्हतं ना?"

"व्हतं."

"मंग काहून नाई अडवलं?"

धम्मदीपानं आईच्या हातातली पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

"तुह्या तोंडून आयकाले बरं वाटे, आई."