उतू गेलेलं दूध

आत्याबाई गेल्याचा फोन आला तो बिरूचा. गेवराईच्या बाजारात मी वांगी निवडत होते. "वहिनी, आक्का उठंनात..." एवढंच म्हणाला. माझ्या सासूला सगळं उमापूर आक्का म्हणायचं, मी आत्याबाई. वय झालं होतं, झोपेतच गेल्या. कुणाकडं तांब्याभर पाणीसुद्धा मागावं लागलं नाही. त्यांना हवं होतं तसंच झालं, म्हणून रडतानाही मला आतून बरं वाटत होतं.

बिरू आणि त्याची बायको रत्ना, मेंढरं घेऊन राज्याच्या सीमेपलीकडून आलेली माणसं. लेंडीखतासाठी कळप आपल्याच रानात बसावा म्हणून गावात भांडणं लागायची. आत्याबाई चहाभाकरीच्या जोरावर बिरूला सगळ्यांच्या आधी आमच्या रानात पळवून आणायच्या. पुढं ती दोघं परत जाईनातच. रानातल्या आमच्या आखाड्याशेजारी, म्हणजे कडबा-खत ठेवायच्या खोलीशेजारी, पाल ठोकून राहू लागली.

मग रत्नाला दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप बदलावी लागेल, सरकारी विम्यात बसली तर खर्च येणार नाही. पण विम्याला इथलं रेशनकार्ड हवं, कार्डाला रहिवासी दाखला आणि दाखल्याला घर. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी हात वर केले. "आक्का, पालाला घर कसं म्हणू? आज हाय, उद्या न्हाई."

आत्याबाईंनी घरी येऊन जाहीर केलं, आखाडा रिकामा करायचा. माझा नवरा चिडला. "आई, उद्या जागेवर हक्क सांगतील."

"त्येंची मेंढरं रानात बसल्याली चालत्यात, मानसं तेवढी चालत न्हाईत व्हय रं?"

नवरा टोपी उचलून बाहेर गेला. मला मात्र हसू आवरेना.

कडबा बाहेर निघाला, खताची पोती निघाली. जमीन सारवून आत्याबाईंनी चूल स्वतः घातली. भाऊसाहेब पाहणीला येणार त्याच दिवशी त्यांनी वास्तुशांत धरली. आम्ही पुऱ्या लाटत होतो, रत्ना भिंतीला टेकून बघत होती. तेवढ्यात भाऊसाहेब आले. त्यांच्यासमोर नव्या चुलीवर दूध उतू गेलं. "आधी जेवा, मग लिवा," म्हणत आत्याबाईंनी त्यांना पाटावर बसवलं. शिरा दोनदा वाढला. हात धुऊन त्यांनी पेन काढला, तशा आत्याबाई म्हणाल्या, "ज्या घराची वास्तू जेवलात, ते घर न्हाई असं लिवनार का आता?"

"लिवायला जागा ठिवलीय का तुमी, आक्का?" भाऊसाहेब हसले. खोटं तरी कुठं होतं? पाल त्याच सकाळी उठलं होतं, दोघं खरोखर तिथं राहायला आली होती.

तरी कार्ड यायला वेळ गेला. रत्नाला आडवं होता येईना, बसून झोपायची. आत्याबाई रोज आखाड्यावर जायच्या, येताना गप्प असायच्या. मला त्या गप्प बसण्याचीच भीती वाटायची... शेवटी कार्ड आलं, ऑपरेशन झालं आणि रत्ना परत कळपामागं रान तुडवायला लागली.

तेव्हापासून दर दिवाळीला रत्ना त्या चुलीवर दूध उतू घालवायची आणि आत्याबाई समोर मांडी घालून कौतुकानं बघायच्या. घरात माझ्या हातून थेंबभर सांडलं की आठ दिवस ऐकवणारी बाई ती!

तेराव्यानंतर नवरा आखाड्याकडं निघाला, तशी मीही मागं गेले. आखाडा आता त्याच्या शब्दावर होता, आणि त्याच्या मनात काय आहे ते मला कळत नव्हतं. बिरू दारातून बाजूला सरला. रत्नानं चहासाठी दूध ठेवलं. चुलीला जुन्या दुधाचे ओघळ तसेच होते. नवरा आईच्या जागेवर मांडी घालून बसला. दूध वर यायला लागलं, तशी रत्नानं पातेलं उतरवायला पदर धरला.

"राहू दे, रत्ना," तो म्हणाला. "जाऊ दे उतू."