तिसऱ्या नाल्याचा मध

वेस्तादादा गेल्याचा निरोप धडगावहून येणाऱ्या जीपच्या चालकाने आणला. मी शहाद्याला घरासमोर उभा होतो. "सर, तुमचे ते मधवाले दादा..." एवढंच तो म्हणाला. या गोष्टीला महिना झाला. रडू कधीच थांबलं, राग मात्र जात नाही, आणि त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरच्या रागाचा आहे.

दादा डोंगरातल्या पाड्यावरचे. मध काढताना पोळ्याचा एक तुकडा माश्यांसाठी फांदीवर ठेवूनच खाली उतरायचे. एका नाल्याकाठचा मध दुसऱ्यात मिसळायचा नाही, हा त्यांचा नेम. बाटलीच्या गळ्याला पळसाच्या मुळाची दोरी असे. पहिल्या नाल्याची एक गाठ, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याच्या तीन. मी कॉलेजात जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेला, तापीकाठचा गुजर. मला ते खूळ वाटायचं. मग लक्षात आलं, म्हातारा माझाच विषय माझ्यापेक्षा बरा जाणतो. मातीतलं लोह, मँगनीज मुळांतून फुलात चढतं, फुलातून मधात उतरतं. माशी ज्या डबक्यावर पाणी पिते तेही त्यात येतं. तांबड्या मातीच्या पहिल्या नाल्याचा मध काळपट का, हे दादा जिभेवर थेंब ठेवून सांगायचे.

तिसऱ्या नाल्याच्या उगमाशी कुणीतरी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची शेड घातली. शेळ्या मरू लागल्या, पोरांची पोटं दुखू लागली. पाडा पाणी तिथलंच पितो. दादा तालुक्याच्या कचेरीत गेले, तर तिथले साहेब पुरावा आणा म्हणाले. ते तीन बाटल्या घेऊन माझ्याकडे आले. घरी पावरी बोलणारा माणूस, माझ्याशी अहिराणीत बोलायचा. "मास्तर, हाऊ तीन नालास्ना मध शे. एकमा एक ओतू नको."

आणि मी तेच केलं! नमुना नीट ढवळून एकजीव करा, हे पोरांना शिकवण्यात माझी हयात गेली. हाताला लागलेली सवय... तिन्ही बाटल्या एका भांड्यात ओतल्या, प्रयोगशाळेच्या अर्जावर ठिकाण लिहिलं 'सातपुडा', खाली झोकात सही ठोकली. अहवाल आला, शिसं मर्यादेत. असणारच! दोन चांगल्या नाल्यांनी तिसऱ्याचं विष झाकलं होतं. शेडवाल्याने तो कागद भिंतीवर लावला. मी चूक कबूल करायला गेलो, तर साहेबांनी मानही वर केली नाही. प्रकरण बंद झालंय, म्हणाले.

दादांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू तिसरा नालानं तोंड दाबी टाकं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

शोकसभेत त्याच साहेबांनी दादांना 'निसर्गपुत्र' म्हटलं. जिवंतपणी ज्याला दारात उभं ठेवलं, त्याच्या फोटोला हार घालताना यांचा हात कसा धजावतो? मी मधेच उठून बाहेर आलो.

पाड्यावर भेटायला गेलो, तेव्हा वहिनींनी कणगीमागून एक बाटली काढून हातात दिली. गळ्याशी तीन गाठी. शेड अजून चालू आहे, धूर रोज नाल्यात उतरतो. बाटली आता माझ्या टेबलावर आहे, शेजारी कोरा अर्ज. दोरी मी सोडलेली नाही, तशीच पाठवणार. ठिकाणाच्या रकान्यात आज लिहिलं: तिसरा नाला, शेडच्या खाली.